विराम जाणणारा विद्यार्थी
(मराठी शिक्षकांच्या उद्बोधन वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या ग्रामस्थाने कचेरीत पुढील वाक्य असलेला अर्ज दिला, अशी कल्पना करावी. ‘सदर मालमत्ता अर्जदाराचा भाऊ रामचंद्र आणि बाबू यांच्यात समान वाटून द्यावी.’ आता या मालमत्तेचे वाटे किती होणार? ‘रामचंद्र’ हे भावाचेच नाव असेल, तर वाटे दोन. ‘भाऊ’ या शब्दापुढे स्वल्पविराम हवा होता आणि तो राहून गेला असेल, तर वाटे तीन. एका लहानशा चिन्हाच्या अभावी कुणाचा तरी तिसरा हिस्सा निर्माण होतो अथवा नाहीसा होतो. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव लागण्यासाठी मामलेदार कचेरीच्या पायऱ्या ज्यांनी झिजविल्या आहेत, त्यांना या उदाहरणाचे मर्म अधिक सांगावयास नको.

विरामचिन्हे, व्याकरण आणि लेखनाचे संस्करण हे विषय शाळेत चार-दोन गुणांचे मानले जातात. परीक्षेच्या आधी नियम पाठ करून घ्यावयाचे आणि परीक्षेनंतर ते विसरावयाचे, असा शिरस्ता पडून गेला आहे. परंतु शाळा सोडल्यानंतर बहुसंख्य विद्यार्थी निबंध लिहीत नाहीत. ते अर्ज लिहितात, तक्रार लिहितात, ग्रामसभेचे इतिवृत्त लिहितात. तेथे गुण मिळत नाहीत किंवा कापलेही जात नाहीत. तेथे काम होते किंवा अडते.

विरामचिन्हांचा इतिहास विद्यार्थ्यांना सांगितला, तर त्यांची या विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. जुन्या पोथ्यांतून दंडाखेरीज बहुधा कोणतेच विरामचिन्ह आढळत नाही. मोडी लिपीत तर लेखणी न उचलता लिहीत जाण्याची पद्धत होती. तीत शब्दाशब्दांत अंतर नसे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. वाचणारा जाणकार असे; तो अर्थ लावून घेई. मुद्रणकला रुजली, शाळा निघाल्या आणि अनोळखी वाचकासाठी लिहिण्याची वेळ आली, तेव्हा चिन्हांची गरज भासली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. मेजर टॉमस कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० साली सिद्ध केली. पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनविषयक १४ नियम मान्य केले व १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर घातली. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पांच’ यांवरील अनुच्चारित अनुस्वार तेव्हापासून गळाले. नियम आकाशातून पडलेले नाहीत. वाचकाची सोय पाहून ते माणसांनीच केले आहेत, हे विद्यार्थ्याला कळले म्हणजे त्याची नियमांविषयीची भीती कमी होते.

वर्गात आरंभ चिन्हांच्या नावांपासून करू नये, कानापासून करावा. फळ्यावर लिहावे : ‘शिक्षक म्हणाले विद्यार्थी आळशी आहेत.’ मग दोन विद्यार्थ्यांना ते दोन तऱ्हांनी वाचावयास सांगावे. एका वाचनात विद्यार्थी आळशी ठरतात, दुसऱ्या वाचनात शिक्षक! वर्ग हसतो, आणि स्वल्पविराम व अवतरणचिन्ह यांचे प्रयोजन न सांगता कळते. त्यानंतर चिन्हांची नावे सांगितली, तर ती ध्यानात राहतात.

ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच आहे. ‘पिक’ म्हणजे कोकीळ आणि ‘पीक’ म्हणजे शेतातले धान्य. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे दुबळा. अशा जोड्या शेतकऱ्याच्या मुलाला चटकन कळतात. मग नियमाकडे वळावे. ‘गरीब’, ‘वकील’, ‘फूल’, ‘मूल’ यांत शेवटून दुसरे अक्षर दीर्घ आहे. पण प्रत्यय लागताच ‘गरिबाला’, ‘वकिलाने’, ‘फुलाचा’, ‘मुलांना’ असे ते ऱ्हस्व होते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र या चालीने जात नाहीत. ‘शरीर’ शब्दाचे ‘शरीराला’ असेच रूप होते. दहा शब्दांची रूपे विद्यार्थ्यांकडून करवून घेतली, तर नियम त्यांचा त्यांनाच सापडतो. आणि स्वतः शोधलेला नियम सहसा विसरत नाही.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांत आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. गोव्यातील पुष्कळ मुलांच्या घरची भाषा कोकणी आहे. कोकणीत ‘चेडूं’ नपुंसकलिंगी असते. म्हणून मूल मराठीतही ‘ते मुलगी’ असे लिहून जाते. इंदूर-ग्वाल्हेरकडील मूल हिंदीच्या सवयीने ‘माझी पुस्तक’ म्हणते. या चुका अज्ञानाच्या नव्हेत. त्या दोन भाषा जाणणाऱ्या मुलाच्या चुका आहेत. मुलाच्या घरची भाषा हिणवू नये. ‘तुमच्या घरी असे म्हणतात, मराठीत असे म्हणतात’, एवढे सांगितले की पुरे. त्यातून मुलाला एकाच वेळी दोन भाषांचे व्याकरण उमगते.

आता लेखनाच्या संस्करणाविषयी. वही तांबड्या शाईने रंगविली, म्हणजे शिक्षकाचे कष्ट दिसतात. विद्यार्थ्याचे शिक्षण मात्र होतेच असे नाही. ज्या ओळीत चूक असेल, त्या ओळीच्या समासात केवळ एक खूण करावी आणि चूक कोणती हे विद्यार्थ्याला शोधू द्यावे. लिहिलेला मजकूर एक रात्र मिटून ठेवावा व दुसऱ्या दिवशी तीन वेळा वाचावा. पहिल्या वाचनात फक्त अर्थ पाहावा. दुसऱ्या वाचनात वाक्यरचना पाहावी व अनावश्यक शब्द गाळावेत. तिसऱ्या वाचनात अक्षरे आणि चिन्हे तपासावीत. तिन्ही कामे एकदम करू गेल्यास एकही नीट होत नाही. मधूनमधून वह्यांची अदलाबदल करावी. दुसऱ्याची चूक चटकन दिसते आणि तीच आपलीही आहे, हे मागाहून ध्यानी येते.

शब्द गाळण्याच्या अभ्यासासाठी सरकारी परिपत्रकांसारखे दुसरे साहित्य नाही, हे या ठिकाणी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ‘सदर ठिकाणी रस्त्याच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आलेले असून ते प्रगतिपथावर आहे’ या वाक्याचा अर्थ ‘तेथे रस्त्याची दुरुस्ती सुरू आहे’ एवढाच आहे. आठवीच्या मुलाने हा बदल करून दाखविला, तर त्याचे कौतुक करावे. आणि अधिकाऱ्यांनी त्यापासून बोध घ्यावा. आज भ्रमणध्वनीवर बोलूनही मजकूर लिहिता येतो; परंतु त्यात पुष्कळदा विरामचिन्हे नसतात. साधन नवे आले, तरी तपासण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याचीच राहते.

आरंभीच्या अर्जाकडे पुन्हा वळू. त्यात स्वल्पविराम योग्य जागी घालणे ही झाली शुद्धता. पण संस्करण शिकलेला विद्यार्थी त्याही पुढे जाईल. तो लिहील : ‘अर्जदाराला रामचंद्र नावाचा एक भाऊ आहे. सदर मालमत्ता रामचंद्र व बाबू या दोघांत समान वाटून द्यावी.’ आता छापताना एखादा स्वल्पविराम गळाला, तरी कुणाचा हिस्सा गळणार नाही. असे वाक्य लिहिणारा एक विद्यार्थी प्रत्येक गावात तयार झाला, तर अर्ज लिहून घेण्यासाठी कचेरीच्या दारात कुणापुढे हात जोडण्याचा प्रसंग गावकऱ्यांवर येणार नाही. हे काम शिक्षकांच्या हातचे आहे, आणि त्यासाठी एक फळा व थोडा धीर यापलीकडे काही लागत नाही.