झटका यंत्राचा, शिस्त माणसाची
(प्रथमोपचार वर्गाच्या समारोपप्रसंगी एका डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गेले दोन दिवस आपण छातीवर दाब देण्याचा मनःपूर्वक सराव केलात. मात्र डिफिब्रिलेटर समोर ठेवताच अनेकांचा हात कचरला. ‘डॉक्टर, चुकून भलत्यालाच झटका बसला तर?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला गेला. म्हणून या भीतीपासूनच प्रारंभ करतो.

हृदयविकाराचा झटका येणे आणि हृदय बंद पडणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिल्या प्रकारात रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, छातीत कळ येत असल्याचे सांगतो. दुसऱ्या प्रकारात माणूस क्षणार्धात कोसळतो, हाकेला ओ देत नाही, त्याचा श्वास थांबतो किंवा अधूनमधून नुसती घरघर ऐकू येते. पुष्कळदा त्या वेळी हृदय पूर्णपणे निश्चल नसते. त्याचे स्नायू विसंगतपणे थरथरत असतात. ती थरथर थांबवून हृदयाला स्वतःची लय पुन्हा गवसण्याची संधी देणे, हे विद्युत झटक्याचे कार्य. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते.

१९९९ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहराच्या विमानतळांवर ही स्वयंचलित यंत्रे कोणालाही घेता येतील अशी ठेवण्यात आली. पुढील दोन वर्षांत तेथे १८ जणांचे हृदय अशा थरथरीमुळे बंद पडले. त्यांपैकी ११ जणांना जीवदान मिळाले. विशेष म्हणजे त्या अकरांपैकी सहा जणांना वाचवणाऱ्यांना हे यंत्र वापरण्याचे शिक्षण वा अनुभव नव्हता. त्यांत काही वैद्यकीय पदवीधर होते, हे खरे. परंतु यंत्र त्यांनाही नवीनच होते.

हे घडू शकले, कारण यंत्र स्वतःच हृदयाची लय तपासते. झटक्याची आवश्यकता नसेल तर ते झटका देत नाही. रुग्णाचे हित ते जपते. भोवतालच्या माणसांना मात्र ते पाहू शकत नाही. ती जबाबदारी आपली.

आपल्याकडे माणूस कोसळला की भोवती कोंडाळे जमते. पत्नी हात धरते, मुलगा मस्तक मांडीवर घेतो, कोणी तोंडात पाणी घालू पाहतो. ही माया आहे; पण यंत्र लय तपासत असताना रुग्णाला लागलेल्या हाताने त्या तपासणीत व्यत्यय येतो आणि झटक्याच्या क्षणी विजेचा धक्का बसू शकतो. म्हणून एकाने नेतृत्व घ्यावे. दुसऱ्याला १०८ वा ११२ क्रमांक लावण्यास सांगावे, तिसऱ्याला यंत्र आणण्यास पाठवावे आणि स्वतः दाब सुरू करावा: मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. यंत्र येताच ते चालू करावे. एक पट्टी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेच्या खाली बरगड्यांवर लावावी. यंत्र ‘दूर व्हा’ म्हणताच आपणही मोठ्याने म्हणावे, ‘कोणीही हात लावू नका!’ रुग्णाच्या डोक्यापासून पायापर्यंत दृष्टी फिरवावी आणि मगच बटण दाबावे. आधी पाहणे, मग दाबणे. हा क्रम कधीही मोडू नये.

काही सूचना लक्षात ठेवा. रुग्ण साचलेल्या पाण्यात असेल तर त्याला बाहेर काढा व छाती कोरडी पुसा. औषधाची चिकटपट्टी असल्यास ती काढून जागा पुसून घ्या. त्वचेखाली पेसमेकरचा उंचवटा दिसल्यास पट्टी त्यावर न लावता बाजूला लावा. प्राणवायूची नळी चालू असेल तर झटक्यापूर्वी दूर करा. धावत्या वाहनात लय तपासणीत चूक संभवते, तेव्हा वाहन थांबवा.

रुग्ण स्त्री असेल तर संकोचाने हात थांबतात. पट्ट्या उघड्या त्वचेवरच लावाव्या लागतात, त्याला पर्याय नाही. भगिनींनी पाठमोरे कडे करून उभे राहावे, शाल वा चादर आडवी धरावी. मंगळसूत्र तोडण्यात वेळ दवडू नये. पट्टीखाली येणार नाही असे बाजूला सारले की पुरे. मर्यादाही राखता येते आणि प्राणही.

झटका दिल्यावर रुग्णाकडे पाहत थांबू नका. लगेच पुन्हा दाब सुरू करा. दोन मिनिटांनी यंत्र स्वतःच पुन्हा तपासणी करील. रुग्ण शुद्धीवर आला तरी रुग्णवाहिका येईपर्यंत पट्ट्या काढू नका, यंत्र बंद करू नका.

बंधू-भगिनींनो, आपल्या गृहसंकुलात, मंगल कार्यालयात, कचेरीत हे यंत्र आहे का, याची चौकशी आजच करा. असल्यास ते कुलपात तर नाही ना, त्याची बॅटरी आणि पट्ट्यांची मुदत संपली नाही ना, हे पाहा. उद्या जो कोसळेल तो कदाचित आपल्याच घरातील असेल. त्या वेळी आपला हात कचरू नये आणि भोवतालचे हात वेळेवर दूर व्हावेत, एवढीच या वर्गाकडून माझी अपेक्षा आहे.