शब्द कळला, वाक्य साधले का?

(पुण्याच्या मार्केट यार्डात शेतकरी, आडते व तोलणार यांच्यासमोर केलेले भाषण)



पहाटे गुलटेकडीच्या या आवारात भाषेची अडचण कोणालाच जाणवत नाही. आवक वाढली, भाव उतरला, पट्टी झाली, ही वाक्ये न शिकताच तोंडी बसतात. अडचण सुरू होते ती कागद हाती आल्यावर. १९६३ च्या कृषि उत्पन्न पणन अधिनियमाबरोबर ‘पणन’, ‘विनियमन’, ‘अनुज्ञप्ती’ असे शब्द आपल्या व्यवहारात आले. त्यांचा अर्थ कोशात मिळतो. वापर मात्र वाक्यातच शिकावा लागतो.

‘पणन’ म्हणजे विक्री, एवढेच पाठ करून कोणी ‘मी दहा गोणी कांदा पणन केला’ असे लिहिले, तर वाक्य फसते. प्रतवारी, साठवण, वाहतूक आणि विक्री या साऱ्या व्यवहारास मिळून पणन म्हणतात. म्हणून ‘कांदा विकला’, परंतु ‘कांद्याच्या पणनाची व्यवस्था केली’ असे म्हणावे.

‘आकारणे’ या शब्दाला तर दिशा आहे. घेणारा आकारतो, देणारा भरतो. तक्रार-अर्जात शेतकऱ्याने ‘मी आडत आकारली’ असे लिहिले, तर पैसे देणाराच घेणारा ठरतो! ‘माझ्याकडून आडत आकारण्यात आली’ असे लिहिताच बाजू स्पष्ट होते. फळे व भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय २०१६ साली झाला. शेतकऱ्याच्या पदरात पडणारी रक्कम ‘कोणाकडून’ या एका शब्दावर अवलंबून होती, हे ध्यानात घ्यावे.

तेव्हा नवा शब्द भेटला की तीन प्रश्न विचारावेत. त्याचे लिंग कोणते? त्याच्यासोबत क्रियापद कोणते येते? देणारा कोण आणि घेणारा कोण? मग आपल्याच मालाविषयी, आपल्याच पट्टीविषयी एक वाक्य रचून शेजाऱ्यास वाचून दाखवावे. त्याला तोच अर्थ लागला, तर शब्द आपला झाला.

जेथे ‘परवाना’ पुरेसा आहे, तेथे ‘अनुज्ञप्ती’चा हट्ट नको. मात्र छापील कागदावर तो शब्द आला, तर त्यापुढे अडून न राहता सही करण्यापूर्वी त्याचा अर्थ विचारून घ्यावा. कागद देणाऱ्यानेही तो न कंटाळता समजावून सांगावा. वजनात छटाकभर फरक पडला तरी आपण काटा पुन्हा पाहतो. वाक्यही तसेच एकदा पारखून घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे.