गेम आपल्याला हरवतो कसा?



काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झालं, उद्या पतसंस्थांवर आहे, आणि मधल्या दिवशी संयोजकांनी मला व्हिडिओ गेमवर बोलायला उभं केलंय. त्यांच्या धाडसाला दाद देतो आणि थेट विषयाला हात घालतो. मुलांचे डोळे बिघडतात का, अभ्यास बुडतो का, हे प्रश्न रास्त आहेत. त्यावर बोलायला डॉक्टर आणि शिक्षक आहेत. मी नुसता खेळणारा माणूस आहे. कोणता गेम कसदार आणि कोणता टाकाऊ, एवढंच सांगणार.

गेमचे ढोबळ दोन प्रकार मानतात. ॲक्शन म्हणजे हाताचं काम, स्ट्रॅटेजी म्हणजे डोक्याचं. ही वाटणी मला कधीच पटली नाही. माझी कसोटी निराळी आहे: हा गेम मला हरवतो कसा? हरल्यावर ‘आपलंच चुकलं’ असं वाटलं, तर मी मुकाट्याने पुन्हा बसतो. ‘आपल्याला गंडवलं’ असं वाटलं, तर गेम कायमचा बंद.

‘डार्क सोल्स’ घ्या. २०११ चा जपानी गेम, हिदेताका मियाझाकी यांचा. अवघड म्हणून त्याचा भलताच बोलबाला. सुरुवातीला तुम्ही एका पडक्या कैदखान्यात असता, हातात तुटक्या तलवारीची मूठ. मोठं दार ढकलून दालनात शिरलात की वरून एक अगडबंब राक्षस धप्पकन खाली उतरतो. नवखा खेळाडू इतर गेमच्या सवयीने त्याच्यावर धावून जातो आणि गदेच्या दोन-चार तडाख्यांत आडवा होतो. मग कधीतरी लक्षात येतं की डाव्या अंगाला एक छोटं दार उघडंच होतं. पळायचं होतं! तिथून पुढे गेल्यावर ढाल मिळते, हत्यार मिळतं, आणि परत येता ते थेट राक्षसाच्या डोक्यावरच्या सज्जात. तिथून उडी घेत वार केला की त्याच्या जिवाचा मोठा लचका एका फटक्यात तुटतो. राक्षस तोच, तुमचं बोटांचं कसबही तेच. फरक पडला तो तुम्ही आजूबाजूला बघितलंत म्हणून. आता याला ॲक्शन म्हणायचं की स्ट्रॅटेजी?

पुढेही या गेममधला प्रत्येक शत्रू वार करण्याआधी खूण देतो. खांदा मागे जातो, पाय रोवला जातो. मेलात तर साठवलेले ‘सोल्स’ मेलात त्याच जागी पडून राहतात. परत जाऊन उचलायचे, वाटेत पुन्हा मेलात तर गेले. शिक्षा कडक आहे, पण नियम आधी सांगितलेला आहे. अर्थात हा गेमही सगळीकडे सरळ वागत नाही. काप्रा डीमन नावाचा बॉस चिंचोळ्या चौकात गाठतो, सोबत दोन कुत्री, आणि पाठ भिंतीला लागली की कॅमेरा असा काही फिरतो की आपलाच माणूस आपल्याला दिसेनासा होतो. तिथे राक्षसाने नाही, कॅमेऱ्याने मारलं. भक्त मंडळी त्याचंही समर्थन करतात, ते मी करणार नाही.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ १९९९ मध्ये आला आणि आजही जोरात खेळला जातो. सभागृहात मागच्या रांगेत काही चेहरे उजळले, त्यांना नवं काही सांगायचं नाही. इतरांसाठी: सुरुवातीला एक टाउन सेंटर, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार. पन्नास अन्न खर्च केलं की पंचवीस सेकंदांत नवा गावकरी तयार होतो. अन्न मेंढ्यांचं, बोरांचं, आणि रानडुकराचं. डुकराला लांबून बाण मारायचा आणि ते चवताळून मागे लागलं की धूम ठोकत टाउन सेंटरपर्यंत यायचं. तिथे बाकीचे मिळून त्याला लोळवतात. माऊस जरा चुकला की गावकरी ठार. तिकडे हे चालू असताना इकडे नवा गावकरी तयार करायला सांगायचं राहिलं, तर टाउन सेंटर नुसतं उभं. पंचवीस सेकंद रिकामी गेली म्हणजे एक माणूस कमी. मग तो जे कापणार होता ते लाकूड नाही, त्या लाकडाचं शेत नाही, त्या शेतावर पोसले जाणारे घोडेस्वार नाहीत. चाळिसाव्या मिनिटाला वेशीवर फौज येऊन आदळते तेव्हा नवखा म्हणतो, याची फौज कशी बुवा एवढी? अहो, तुम्ही पाचव्या मिनिटालाच हरला होता. सामन्याचं रेकॉर्डिंग पुन्हा बघितलं की ते पाचवं मिनिट स्पष्ट दिसतं. डोक्याचा म्हणवणारा हा गेम हाताच्या शिस्तीवर चालतो, म्हणूनच मला तो थोर वाटतो.

याच्या उलट ‘काउंटर-स्ट्राइक’. गल्लीबोळांतल्या सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने खेळलेली पिढी इथे असेल. बाहेरून बघणाऱ्याला नुसता गोळीबार. पण आत वाण्याच्या दुकानाइतका काटेकोर हिशेब चालतो. पहिल्या फेरीत प्रत्येकाकडे आठशे डॉलर. चांगली रायफल सत्तावीसशेला, लांब पल्ल्याची मोठी स्नायपर पावणेपाच हजारांना. हरत गेलात की नुकसानभरपाई वाढत जाते. म्हणून जाणता संघ एखादी फेरी पिस्तुलांवर काढून हरायची ठरवतो, म्हणजे पुढच्या फेरीला पाचही जण पूर्ण हत्यारांनिशी उतरतात. फेरी हातची गेलेली दिसली की एखादा कोपऱ्यात दडून नुसती बंदूक वाचवतो. तरुण वयात हा मला पळपुटेपणा वाटायचा. आता बोटं मंदावलीत, तेव्हा त्यातली अक्कल जास्त कळते.

नशिबाचं काय? ‘एक्सकॉम’च्या २०१२ च्या आवृत्तीत सैनिक समोर उभा, नेम लागण्याची शक्यता पंच्याण्णव टक्के दाखवलेली, आणि गोळी हुकते. माणूस खवळतो. गणित खरं असतं, पण पंच्याण्णव म्हणजे शंभरच, असं आपलं मन धरून बसलेलं असतं. गंमत म्हणजे सोप्या पातळ्यांवर हा गेम गुपचूप आपल्या बाजूने झुकतो. लागोपाठ नेम हुकले की पुढच्या गोळीला पडद्याआडून मदत मिळते. म्हणजे खरे आकडे खोटे वाटतात, म्हणून खोटे आकडे देऊन ते खरे वाटायला लावायचे. मला हे पटत नाही. लाच देऊन खूश केल्यासारखं वाटतं.

‘इन्टू द ब्रीच’ने २०१८ मध्ये हा पेच मुळातूनच सोडवला. आठ बाय आठचा पट, बुद्धिबळाइतकीच घरं, तुमच्याकडे तीन यंत्रमानव. शत्रूचे किडे पुढच्या खेपेला कुठे वार करणार, हे सगळं आधीच उघड. आणि किड्याला मारण्यापेक्षा ढकलणं मोलाचं: एक घर बाजूला सारलात की त्याचा वार इमारतीऐवजी त्याच्याच भाईबंदावर बसतो. सगळे पत्ते समोर मांडलेले असूनही हरलात, तर बोट दाखवायला कोणीच उरत नाही. ज्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही त्यांनी इथून सुरुवात करावी.

फोनवरच्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ जातीच्या गेमबद्दल थोडक्यात. बांधकामाला काही दिवस थांबा, नाहीतर पैसे भरून हिरवी रत्नं घ्या आणि लगेच उरका. जिथे वाट बघणं हीच अडचण आणि पाकीट हाच तोडगा, तिथे माझी कसोटी लावायला जागाच नाही.

शेवटी, मघापासून काहींच्या मनात असलेला प्रश्न. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये २०२२ साली गुर्जर, बंगाली, द्रविड, हिंदुस्तानी आले; मराठे कुठे? त्या गेमचा काळ मुख्यतः मध्ययुगाचा, म्हणून नाहीत. पण ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये आहेत, २००९ पासून. खेळ सुरू होतो १७०० साली. आता ते साल आठवा. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले, औरंगजेब साताऱ्याला वेढा देऊन बसलेला, आणि कारभार ताराबाईंनी हाती घेतला. राज्य गडांवर कमी आणि घोड्याच्या पाठीवर जास्त, अशी अवस्था. गेममध्ये मात्र राजधानी, कर, फौजा असं नीटनेटकं राज्य तयार मिळतं. शत्रूच्या शेतावर किंवा गावावर फौज नेऊन उभी केली की त्याचं उत्पन्न बुडतं, एवढा गनिमी कावा गेमला समजतो. पण त्याची गरजच पडत नाही. मैदानात समोरासमोर लढून मी मुघलांना आरामात गुंडाळतो. खऱ्या युद्धात किल्लेदार पैसे घेऊन गड सोडत आणि नंतर तोच गड मराठे परत घेत. बादशहाने गड जिंकावेत आणि त्यातच त्याची फौज, जनावरं, खजिना झिजत जावा, असं ते युद्ध १७०७ पर्यंत चाललं. गेममध्ये गड गेला म्हणजे गेला. समोरच्याने जिंकत जिंकत हरावं, असा डाव त्याला मांडताच येत नाही. आणि त्या डावात मला औरंगजेबाच्या बाजूने बसून खेळायचंय.