प्याद्याचे पाऊल

बुद्धिबळाच्या पटावर राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा या साऱ्यांना आल्या वाटेने परतता येते. ती मुभा नाही एकट्या प्याद्याला. म्हणूनच ही आठ प्यादी क्षुद्र भासली तरी डावाची घडण तीच ठरवितात. फिलिदोर या फ्रेंच खेळाडूने १७४९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्याद्यांना डावाचा प्राण मानले, ते याचसाठी.

‘फ्रेंच बचाव’ या डावातील एक प्रसिद्ध स्थिती पाहावी. पांढऱ्याचे राजापुढील प्यादे पाचव्या घरात आणि त्याला आधार देणारे वजिरापुढील प्यादे चौथ्या घरात, अशी तिरपी साखळी उभी राहते. तिच्यासमोर काळ्याची प्यादी अडतात व त्याचा एक उंट स्वकीयांमागेच कोंडला जातो. अशा वेळी घाव साखळीच्या बुडावर घालावा, असे निम्झोविचने आग्रहाने प्रतिपादिले. काळा वजिराकडील उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकून त्या आधारालाच आव्हान देतो. फळी फोडणे ते हेच. मारामारी झाली की हत्तीला वाट मिळते.

हा घाव लांबला, तर पांढरा राजाच्या बाजूने चढाई करतो. मोहरी सज्ज नसताना घातला, तर उघडलेली वाट प्रतिपक्षालाच लाभते. तेव्हा प्याद्याला हात लावण्यापूर्वी खेळाडूने दोन प्रश्न स्वतःस विचारावेत : या पावलाने कोणती वाट उघडेल, आणि मागे कोणते घर कायमचे उघडे पडेल?