यादीत नाव नसलेल्यांचे पैसे



इथे बसलेल्या बहुतेकांनी आपल्या घरात पहिली पदवी आणली आहे. पदवी आली आणि तिच्यामागे वस्तीतले कागदही आपल्याच घरी आले. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडणी, निराधारचा पगार. आज मला या कामाबद्दलच बोलायचं आहे.

२०२० च्या टाळेबंदीत शेजारच्या मावशींनी मला विचारलं, "पोरी, टीव्हीवर सांगतात अपंगांना हजार रुपये मिळणार. माझ्या पोराचे कधी येतील?" त्यांचा मुलगा २४ वर्षांचा. दाखल्यावर ६० टक्के अपंगत्व. संजय गांधी निराधार योजनेचा त्याचा अर्ज मीच भरला होता. मी म्हणाले, "येतील मावशी, पुढच्या महिन्यात."

ते आले नाहीत. येणारच नव्हते. केंद्राने मार्च २०२० मध्ये जाहीर केलेले ते हजार रुपये राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमाच्या यादीतल्या सुमारे ३ कोटी वृद्ध, विधवा आणि अपंगांसाठी होते. त्या यादीत अपंग म्हणून यायचं तर ८० टक्के अपंगत्व लागतं. राज्याच्या योजनेला ४० टक्के चालतात. म्हणजे मावशींचा मुलगा राज्याच्या हिशेबात अपंग होता, केंद्राच्या हिशेबात नव्हता. अर्ज भरणाऱ्या मला हे माहीत नव्हतं. मी खोटा धीर दिला.

पुढे कल्याणकारी योजनांचे नियम वाचताना कळलं, की त्याच दिवसांत अमेरिकेतही हाच गोंधळ चालू होता. तिथे २७ मार्च २०२० ला कायदा झाला. ठरावीक उत्पन्नापर्यंतच्या प्रत्येक प्रौढाला १,२०० डॉलर आणि १७ वर्षांखालच्या मुलामागे ५०० डॉलर मिळणार होते. पैसे वाटायचं काम कर खात्याकडे गेलं. ज्यांनी कर विवरणपत्र भरलं होतं, त्यांना ते आपोआप मिळणार होते. पण अपंगत्वाच्या किंवा माजी सैनिकाच्या भत्त्यावर जगणाऱ्या अनेकांचं उत्पन्न इतकं कमी, की त्यांना विवरणपत्र भरावंच लागत नाही. ३० मार्चला कर खात्याने सांगितलं, की अशांनीही आता एक साधं विवरणपत्र भरावं.

विचार करा. ज्यांना सरकार दर महिन्याला पैसे पाठवतं, त्यांनाच सरकार सांगत होतं, 'तुमची माहिती द्या.'

त्यावर ओरड झाली. लोकप्रतिनिधी बोलले, अपंगांच्या आणि ज्येष्ठांच्या संघटना बोलल्या. १ एप्रिलला सामाजिक सुरक्षेचा भत्ता घेणाऱ्यांसाठी ती अट निघाली. १५ एप्रिलला गरीब वृद्ध आणि अपंगांच्या भत्त्यावरच्या लोकांना आपोआप पैसे देण्याचं जाहीर झालं, १७ एप्रिलला माजी सैनिकांच्या भत्त्यावरच्यांना. यंत्रणा तीच, माहिती तीच. नियम बदलला, कारण कुणीतरी भांडलं.

तरी अर्ज उरलेच. मुलांचे ५०० डॉलर हवे असतील, तर सामाजिक सुरक्षेवरच्या पालकांनी २२ एप्रिलच्या दुपारपर्यंत ऑनलाइन माहिती भरावी, असं २० एप्रिलला सांगण्यात आलं. मध्ये दोन दिवसही नाहीत! टाळेबंदीत ज्यांच्या घरी इंटरनेट नाही, त्यांनी काय करायचं? ऑगस्टमध्ये ती संधी पुन्हा द्यावी लागली.

आणि मावशींच्या मुलासारखे? आईवडिलांच्या विवरणपत्रात 'अवलंबून' म्हणून दाखवलेल्या प्रौढ अपंग मुलांना त्या वेळी ना १,२०० मिळाले, ना ५००. मूल म्हणून वय जास्त, प्रौढ म्हणून नाव दुसऱ्याच्या कागदावर. मार्च २०२१ च्या कायद्यात १,४०० डॉलर देताना ही चूक सुधारली.

यातून मी दोन गोष्टी शिकले. पहिली, अर्ज भरण्याआधी नियम वाचायचा. टक्केवारी, वय, उत्पन्नाची मर्यादा, पैसे कोणत्या यादीवरून निघतात, हे सगळं. नसेल मिळत, तर तसं तोंडावर सांगायचं. खोट्या आशेवर माणूस बँकेत खेटे घालतो, त्यात त्याची मजुरी बुडते.

दुसरी, अर्ज भरून आपलं काम संपत नाही. कोणाचा अर्ज कोणत्या अटीवर अडला, हे वहीत लिहून ठेवा. एकट्या मावशींची ती तक्रार असते. चाळीस घरांची नोंद झाली, की ते निवेदन होतं, माहिती अधिकाराचा अर्ज होतो, आमदाराला विचारलेला प्रश्न होतो. आपल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या कागदापासून लांब ठेवलं गेलं. आज कागद आपल्या हातात आहे, तर तो फक्त दुसऱ्याच्या रकान्यात भरायला वापरायचा का?

नंतर मी मावशींना नियम समजावून सांगितला आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मग साठ टक्केवाल्याला भूक कमी लागते का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. पण तो प्रश्न लेखी करून, सही-शिक्क्यासह पोच घेऊन येणं मला जमतं. तुम्हालाही जमतं.

जय भीम.