फवारणारा हात कोणाचा?
(परळ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



‘रासायनिक नको, नैसर्गिक हवे’ ही घोषणा आज शेतीच्या आणि बागाईतीच्या प्रत्येक चर्चेत ऐकू येते. बाजाराने तर तिचे सोने केले आहे. ‘सेंद्रिय’ अशी चिठ्ठी डकवली की भाजीचा भाव चढतो आणि ती लालबागच्या चाळीतील स्वयंपाकघराला पारखी होते. तेव्हा या घोषणेत तथ्य किती, हे तपासणे आपले कर्तव्य आहे.

भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली, तेव्हा कारखान्यात बनलेली आजची कीटकनाशके जन्माला यावयाची होती. म्हणून त्या काळची बागाईत निर्विष होती असे मात्र नव्हे. किडीवर तंबाखूचे पाणी शिंपडण्याची रीत जुनी आहे. पुढे सोमलाची संयुगेही आली. तंबाखूतील निकोटीन वनस्पतीनेच तयार केलेले असते, तरी ते कातडीतून शरीरात भिनते आणि माणसाचा जीव घेऊ शकते. कोकणात सुपारीवर कोळेरोगासाठी मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. १८८० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून पुढे आलेले हे मिश्रण सेंद्रिय शेतीतही मर्यादेने चालते. पण त्यातील तांबे जमिनीत साठत जाते.

आता दुसरी बाजू पाहा. १८२८ मध्ये व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार केला. मूत्रातील युरिया आणि कारखान्यातील युरिया हा पदार्थ एकच, हे तेव्हाच दिसून आले. दादरच्या बाजारात शेवंतीचे ढीग आपण पाहतो. तिच्याच कुळातील एका फुलापासून पायरेथ्रम हे कीटकनाशक मिळते. ते उन्हात लवकर विरते. म्हणून १९७० नंतर शास्त्रज्ञांनी त्याच धर्तीवर उन्हात टिकणारी संयुगे बनवली. ती अधिक टिकतात म्हणून शेतकऱ्याला उपयोगी पडतात. परंतु मधमाशीला आणि पाण्यातील माशालाही तीच मारतात.

सारांश, उगम नैसर्गिक की कृत्रिम, एवढ्यावरून विषाची परीक्षा होत नाही. ते किती जहाल, किती काळ टिकणारे आणि ते फवारतो कोण, असे विचारावे लागते. यांतील तिसरा प्रश्न राजकीय आहे, आणि नेमका तोच कोणी विचारीत नाही.

ज्या कापसावर गिरणगाव उभे राहिले, त्या कापसाच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात पडले. दोषाचे बोट मात्र पुष्कळदा त्यांच्याच बेपर्वाईकडे वळवण्यात आले. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये ज्या वायूने हजारो माणसे मारली, तोही कीटकनाशक बनवण्यासाठीच साठवलेला होता. नफा एकाचा आणि श्वास दुसऱ्याचा, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही.

१९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, १९७१ च्या नियमांत संरक्षक कपड्यांची तरतूदही आहे. पण विदर्भाच्या दमट उकाड्यात अंगावर टिकेल असा पोशाख रोजंदारीच्या मजुराला कोण देणार? डब्यावरील बारीक अक्षरे त्याला कोण वाचून दाखवणार?

मुंबईत बसून आपल्याला काय करता येईल? शिवाजी पार्क असो, पाच बागा असोत वा राणीची बाग, तेथे झाडांवर काय फवारले जाते, फवारणाऱ्याला हातमोजे व मुखपट्टी मिळते का, तो कंत्राटी असेल तर त्याच्या औषधोपचाराची जबाबदारी कोणाची, हे महानगरपालिकेला लेखी विचारा. माळ्यांना आणि कंत्राटी कामगारांना भेटून त्यांच्या तक्रारी गोळा करा. गणपतीला गावी जाल तेव्हा सुपारीच्या आणि आंब्याच्या बागेतील मजुरांशी हीच बोलणी करा. जहाल विषावर बंदी, सुरक्षित साधने मालकाच्या खर्चाने आणि बाधिताला भरपाई, या तीन मागण्यांवर शेतमजूर व शहरी कामगार एकत्र आले पाहिजेत. विषमुक्त अन्न ही श्रीमंतांची चैन न राहता सर्वांचा हक्क व्हावयाचा असेल, तर चळवळीची सुरुवात फवारणाऱ्याच्या हातापासूनच करावी लागेल.