पीएच.डी. : पदवीचे मोल आणि परिश्रमाचा ताळेबंद

(विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





पन्नास वर्षांपूर्वी व्यापारी कुटुंबातील मुलगा पदवीधर झाला, तर ती साऱ्या पेठेला कौतुकाची गोष्ट वाटे. मुलींच्या बाबतीत तर हा प्रसंग अधिकच विरळा. पुढे घराघरांतून सनदी लेखापाल, अभियंते आणि डॉक्टर निर्माण झाले. आता पदव्युत्तर परीक्षा विशेष प्राविण्यासह उत्तीर्ण झालेली मुले-मुली घरी येऊन सांगतात की, पीएच.डी. करावयाची आहे. त्या क्षणी घरात दोन प्रकारचे उद्गार निघतात. आजी म्हणते, "घरात डॉक्टर होणार, फार छान!" आणि वडील विचारतात, "आणखी पाच वर्षे? मग दुकानाकडे कोण पाहणार?" दोन्ही उद्गारांमागे माया आहे. तथापि पीएच.डी. म्हणजे नेमके काय, ती कोणी करावी आणि कोणी करू नये, हा प्रश्न दोन्ही उद्गारांत अनुत्तरितच राहतो. त्याचाच विचार आज कर्तव्य आहे.

बी.कॉम., एम.ए. किंवा एम.एस्सी. या परीक्षांत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परीक्षकाला आधीच ठाऊक असते. विद्यार्थ्याला ते ठाऊक आहे की नाही, एवढेच तपासावयाचे असते. पीएच.डी.त हा क्रम उलटतो. ज्या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणीही दिलेले नाही, असा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः शोधावयाचा, त्याचा छडा लावावयाचा, आपले उत्तर प्रबंधरूपाने मांडावयाचे आणि तज्ज्ञांसमोर मौखिक परीक्षेत त्याचे समर्थन करावयाचे. म्हणूनच पाठांतराच्या आणि नेटक्या उत्तरपत्रिकेच्या बळावर नेहमी पहिला येणारा विद्यार्थी येथे कधी कधी अडखळतो, आणि वर्गात सतत 'असे का?' म्हणून विचारणारा मध्यम विद्यार्थी येथे तेजाने चमकतो.

व्यापारी माणूस कोणताही सौदा करण्यापूर्वी भांडवल किती गुंतेल, ते विचारतो. येथील प्रमुख भांडवल म्हणजे आयुष्यातील उमेदीची वर्षे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.चा कालावधी किमान 3 वर्षे व कमाल 6 वर्षे आहे. पुनर्नोंदणी करून आणखी 2 वर्षे मिळू शकतात. आरंभी किमान 12 श्रेयांकांचे कोर्सवर्क पूर्ण करावे लागते. कागदावर 3 वर्षे दिसली, तरी चार-पाच वर्षे गृहीत धरूनच घराचा हिशेब मांडावा. तेवीस वर्षांचा तरुण अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत त्याचे वर्गमित्र नोकरीत स्थिरावलेले असतात आणि भाऊ पेढीवर बसून दोन हंगामांची तेजी-मंदी पचवून मोकळा झालेला असतो. ही तुलना नातेवाईक करतातच. त्याहून अधिक वेळा ती विद्यार्थी स्वतःशी करतो.

पैशाचेही स्पष्ट बोलले पाहिजे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती म्हणजे जे.आर.एफ. मिळविणाऱ्यास 1 जानेवारी 2023 पासून सुधारित दराने पहिली 2 वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ संशोधक म्हणून 42,000 रुपये मिळू लागले. एवढ्यावर एका माणसाचा निर्वाह सन्मानाने होऊ शकतो. परंतु ही वृत्ती परीक्षेतील वरच्या गुणवत्ताधारकांनाच मिळते. अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती 2014 मध्ये जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यावर समाजातील विद्यार्थ्यांनाही खुली झाली होती. ती 2022-23 पासून बंद करण्यात आली. अर्थात ज्याला कोणतीही वृत्ती नाही, त्याचा चार-पाच वर्षांचा भार कोणी उचलावयाचा, हे प्रवेश घेण्यापूर्वीच घरात बसून ठरले पाहिजे. अर्ध्या वाटेवर उपस्थित होणारा हा प्रश्न प्रबंधापेक्षा नात्यांना अधिक जाचतो.

आता जमेची बाजू पाहू या. प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. हवीच, असा सर्वसाधारण समज आहे. आयोगाने 2018 मध्ये विद्यापीठ विभागांतील साहाय्यक प्राध्यापकपदासाठी ती 1 जुलै 2021 पासून अनिवार्य ठरविली होती. पुढे ही मुदत 2023 पर्यंत लांबविण्यात आली आणि 2023 मध्ये ती अट काढून नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता निश्चित करण्यात आली. म्हणजे केवळ अध्यापनक्षेत्रात प्रवेश मिळावा म्हणून पीएच.डी.च्या मागे धावण्याचे कारण उरलेले नाही. सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक या वरच्या पदांसाठी मात्र ती लागते, आणि विज्ञानाच्या प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे संशोधन करावयाचे असेल तर तिच्यावाचून गत्यंतर नसते. दुसरीकडे महाराष्ट्रात पीएच.डी. होऊनही वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकविणारे कितीतरी अध्यापक आहेत. पदवी हाती आली म्हणजे नेमणूकही हाती आली, असे समजू नये.

मग केवळ नफ्या-तोट्याने पाहिले तर हा व्यवहार आतबट्ट्याचाच ठरतो काय? येथे काही चरित्रे डोळ्यांसमोर आणावीत.

अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यात 1919 मध्ये जन्मलेले विक्रम साराभाई यांना वडिलोपार्जित उद्योग सांभाळून सुखाने राहता आले असते. त्यांनी विश्वकिरणांचा ध्यास घेतला. दुसऱ्या महायुद्धामुळे केंब्रिजमधील शिक्षणात खंड पडला, तेव्हा बंगळूर येथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली काम चालू ठेवले. युद्ध संपताच ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि 1947 मध्ये त्यांनी पीएच.डी. संपादन केली. त्याच वर्षी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. एवढेच सर्वांना ठाऊक असते. पण कापड व्यवसायातील मंडळींनी लक्षात ठेवावे असे आणखी एक काम आहे. त्याच 1947 मध्ये स्थापन झालेल्या 'अटिरा' या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेच्या उभारणीत साराभाईंचा पुढाकार होता. विश्वकिरणांचा आणि सुताचा संबंध काय? विषयाचा संबंध काहीच नाही. संबंध आहे तो पद्धतीचा. गिरणीत पिढ्यानुपिढ्या नजरेच्या आणि बोटांच्या अंदाजाने जे चालत आले होते, ते मोजून, तपासून आणि पडताळून पाहण्याची शिस्त त्यांनी तेथे आणली. पीएच.डी.ची खरी कमाई ही शिस्त होय. विषय बदलला तरी ती माणसाबरोबर राहते.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे डॉ. विलास संगवे यांचे. जैन समाजाच्या सामाजिक पाहणीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1959 मध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांच्या डॉक्टरेटच्या अभ्यासातूनच आकारास आला होता. समाजातील जाती-पोटजाती, विवाहपद्धती, चालीरीती यांविषयी घरोघरी गप्पा चालत होत्याच. त्यांना समाजशास्त्राच्या कसोटीवर तपासून ग्रंथबद्ध करण्याचे काम एका संशोधकाने केले. आज समाजाविषयी कोणी अभ्यास करू लागला, तर त्या ग्रंथापर्यंत त्याला यावेच लागते.

सदलग्यासारख्या गावातून आलेले डॉ. आ. ने. उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवीत. 'कुवलयमाला' या प्राकृत ग्रंथाची त्यांनी संपादित केलेली संहिता 1959 मध्ये प्रसिद्ध झाली आणि दुसरा भाग 1970 मध्ये. दोन भागांमध्ये 11 वर्षांचे अंतर! डी.लिट. ही पदवी त्यापूर्वीच त्यांच्या नावापुढे लागलेली होती. पदवी मिळाल्यावर ज्याचे काम थांबत नाही, त्यालाच ती पदवी शोभते.

याच्या जोडीला दुसरी बाजूही सांगणे न्यायाचे होईल. पंडित नाथूराम प्रेमी यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. मुंबईत 1912 मध्ये त्यांनी हिंदी ग्रंथ रत्नाकर ही प्रकाशनसंस्था सुरू केली आणि पुस्तकांचा व्यवसाय सांभाळीत जैन साहित्य व इतिहास यांवर 1942 मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, त्याचा आधार पुढच्या अनेक पदवीधर विद्वानांनी घेतला. पंडित सुखलालजी संघवी यांची दृष्टी किशोरवयातच देवीच्या रोगाने गेली. पदवी नसतानाही ते बनारस हिंदू विद्यापीठात जैन दर्शनाचे प्राध्यापक झाले. तो काळ वेगळा होता, आज अशी नेमणूक होणे कठीण. हे मान्य करूनही एवढे निश्चित की ज्ञानसाधना पदवीवर अवलंबून नाही. ज्याला पेढी सोडणे शक्य नाही, पण जिज्ञासा स्वस्थ बसू देत नाही, त्याने खिन्न होण्याचे कारण नाही. प्रेमीजींची वाट त्याच्यासाठी आजही खुली आहे.

तात्पर्य, निर्णय पदवीकडे पाहून करू नये. प्रश्नाकडे पाहून करावा. ताका घेण्यापूर्वी ग्राहक पोत पाहतो, पन्हा मोजतो, रंग पक्का आहे की कच्चा याची खात्री करून घेतो. त्याप्रमाणे विद्यार्थी मित्रहो, पुढील चार गोष्टी तपासून पाहाव्यात.

पहिली गोष्ट, आपल्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, ते दुकानातल्या गुमास्त्यालाही समजेल अशा चार वाक्यांत सांगता येते काय? येत नसेल, तर अजून प्रश्न सापडलेला नाही, केवळ विषय आवडलेला आहे.

दुसरी गोष्ट मार्गदर्शकाची. मार्गदर्शक मोठ्या नावाचा असण्यापेक्षा वेळ देणारा असावा. त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध 'शोधगंगा' या संगणकीय भांडारात कोणालाही विनामूल्य वाचता येतात. किती जणांचे काम पूर्ण झाले, किती वर्षे लागली आणि कामाचा दर्जा कसा आहे, याची चौकशी करण्यात संकोच वाटू देऊ नये. सोयरीक जुळविताना जेवढी चौकशी होते, तेवढी तरी येथे व्हावी.

तिसरी गोष्ट स्वभावाची. महिनोन्‌महिने काम करूनही हाती काही न लागणे आणि त्या काळात कोणी शाबासकी न देणे, हे सोसवेल काय? पूर्वी एम.फिल. करताना याची चाचणी होत असे. 2022 च्या नियमांनी ती पदवी बंद झाली. त्याच नियमांनी चार वर्षांच्या पदवीनंतर 75 टक्के गुण असणाऱ्यांना थेट पीएच.डी.चे दार उघडले. म्हणजे निर्णयाचे वय अलीकडे आले आणि चाचणीची पायरी गेली. म्हणून पदव्युत्तर वर्गातील लघुप्रबंध मनापासून लिहावा. त्यात गोडी वाटली, तर पुढे जावे.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण. नावापुढे 'डॉ.' लागणार नाही असे उद्या कोणी सांगितले, तरीही हे काम करावेसे वाटेल काय? येथे 'होय' असे उत्तर आले, तर खुशाल प्रवेश घ्यावा. केवळ लग्नाच्या परिचयपत्रकासाठी ही पदवी हवी असेल, तर ती फार महाग पडते. शिवाय अशाच मोहातून पैसे देऊन प्रबंध लिहवून घेण्याची अनिष्ट प्रथा फोफावते. आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्रबंधातील 60 टक्क्यांहून अधिक मजकूर दुसऱ्याचा आढळल्यास नोंदणीच रद्द होते. पण यंत्राने पकडले नाही म्हणून भेसळीचा माल शुद्ध ठरत नाही, हे व्यापारी समाजाला वेगळे सांगावयास नको.

मुलींच्या संदर्भात दोन शब्द अधिक. मुलीचे संशोधन ऐन भरात असते आणि तेव्हाच विवाह ठरतो. "लग्नानंतर पूर्ण करील," असे दोन्हीकडून सांगितले जाते आणि पुढे संसाराच्या रगाड्यात ग्रंथांवर धूळ चढते. नियमांनी महिलांना 2 वर्षांची अधिक मुदत आणि 240 दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा दिली आहे. घरातील सवड मात्र नियमांनी मिळत नाही. बोलणी करतानाच, किती काम झाले आहे, किती उरले आहे आणि रोज किती तास मोकळे लागतील, हे मोकळेपणाने बोलून घ्यावे. दागिन्यांची यादी होते, तशी या तासांचीही व्हावी.

संस्थांनीही आपला विचार विस्तारावा. गणवेश, वह्या आणि महाविद्यालयीन शुल्क यांसाठी समाज मुक्तहस्ते साह्य करतो. संशोधकाला क्षेत्रपाहणीचा प्रवास, दूरच्या ग्रंथालयातील वास्तव्य आणि शेवटच्या वर्षाचा निर्वाह यांची अडचण असते. दरवर्षी एका अधिछात्रवृत्तीहीन संशोधकाचे शेवटचे वर्ष जरी एखाद्या ट्रस्टने उचलले, तरी कित्येक अपुरे प्रबंध तडीस जातील.

आणि एखाद्याने दोन वर्षांनी हे काम सोडले, तर त्याला अपयशी म्हणू नये. न चालणारा माल वेळीच काढून टाकणाऱ्यास कोणी अडाणी म्हणत नाही. त्या दोन वर्षांत तो वाचावयास, मोजावयास आणि शंका घ्यावयास शिकला असेल, तर पेढीलाही त्याचा उपयोग होईल. उलट मन उडालेले असताना केवळ लोक काय म्हणतील म्हणून सहा वर्षे ओढत नेणे, हेच खरे नुकसान.

म्हणून पालकांना विनंती अशी की, मुलाने वा मुलीने पीएच.डी.चा विषय काढला, तर "किती मिळेल?" आणि "किती वर्षे?" हे जरूर विचारावे, व्यवहार सुटता कामा नये. परंतु त्याआधी एकदा विचारावे, "तुला नेमके काय शोधायचे आहे?" त्या प्रश्नाचे उत्तर देताना त्याच्या डोळ्यांत चमक दिसली, तर दुकानाची व्यवस्था अन्य कोणत्या तरी मार्गाने लावता येईल.

आज सत्कार झालेल्या सर्व विद्यार्थ्यांना उज्ज्वल भविष्यासाठी मनःपूर्वक शुभेच्छा.

जय जिनेंद्र!